पुढचं कोण करणार?

बुद्धी मोजायच्या ठिकाणी मी नोकरी केली, असं सांगितलं की माणसं दोन तऱ्हांनी वागतात. काही एकदम गप्प होतात. बोलता बोलता ही आपलीही मोजून टाकेल, अशी धास्ती असावी. बाकीचे हसत विचारतात, "मग आमची किती भरली, अक्का?" मी म्हणते, "चहा घेणार का म्हणून दोनदा विचारलंत आणि एकदाही दिला नाहीत, त्यावरून बरीच भरली म्हणायची."

तर ही सोलापुरातली, सत्तरच्या दशकातली गोष्ट. दुष्काळ नुकताच सरला होता. एका दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत मुलांसाठी एक केंद्र चालायचं. शाळेत ज्या पोराला काही येत नाही, त्याला शाळावाले आमच्याकडे धाडत. त्याचे कान बरे आहेत का, डोळ्यांना दिसतं का, घरी काही त्रास आहे का, की मुळात डोकंच कमी चालतं, हे आम्ही बघायचं आणि शाळेला कळवायचं. 'आम्ही' म्हणजे कोण, तर पुण्याहून आलेल्या एक बाई आणि त्यांच्या हाताखाली मी. त्या माझ्याहून चांगल्या सातआठ वर्षांनी धाकट्या, पण सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत, म्हणून मीही म्हणायची. त्या मला गंगाक्का म्हणत.

मला ठेवलं होतं आया म्हणून. शिक्षण मराठी सातवी. बाहेरच्या खोलीत पोरांना धरून बसायचं, नाकं पुसायची, रडलं तर फुटाणे द्यायचे, एवढंच काम. पण झालं असं की मोठ्या बाईंना मराठी आणि इंग्रजी एवढंच यायचं, आणि आमच्या पोरांना ते दोन्ही सोडून बाकी सगळं. बाई आतून मराठीत विचारत, पोरगं कानडीत उत्तर देई. पुढचं तेलुगूत रडे. त्याच्या पुढचं "मेरेकू मालूम नै" म्हणून मोकळं होई. माझं माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे चुलीपुढे कानडी आणि शाळेत मराठी. लग्न होऊन साखर पेठेत आले तर भिंतीला भिंत लागून विणकरांची घरं, म्हणजे तेलुगू. आणि बाजारात भाव करायचा तर दखनी आल्याशिवाय कोथिंबीरसुद्धा मिळत नाही. याचं मला कधी कौतुक वाटलं नव्हतं. आमच्या गल्लीतल्या शेळ्यासुद्धा तीन भाषांत हाकललेल्या कळायच्या. पण त्या चार भाषांमुळे मी बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत गेले, आणि तिथून कुणी मला बाहेर काढलं नाही. पुढे लेकीच्या पुस्तकावरून इंग्रजी अक्षरं गिरवली, बाईंच्या जाड पुस्तकातलं एकेक वाक्य त्यांनाच विचारून विचारून लावलं, आणि निम्म्या चाचण्या मीच घ्यायला लागले.

आता ही चाचणी म्हणजे काय ते सांगते, कारण लोकांना वाटतं की डोक्याला यंत्र लावत असतील. तसलं काही नाही. एका पेटीत लाकडी ठोकळे, लुडोच्या फाशापेक्षा थोडे मोठे. त्यांच्या काही बाजू लाल, काही पांढऱ्या, काही तिरप्या कापल्यासारख्या अर्ध्या लाल अर्ध्या पांढऱ्या. एका पुठ्ठ्यावर नक्षी काढलेली. ती बघून पोरानं ठोकळे जुळवायचे. मग काही चित्रं, त्यांत काय राहिलंय ते ओळखायचं. मग काही प्रश्न, अमुक झालं तर तू काय करशील. बाईंच्या गळ्यात लाल नाडीचं घड्याळ असायचं, बटण दाबलं की पळायचं आणि दाबलं की थांबायचं. त्यावर वेळ धरायची. शेवटी सगळ्याचा मिळून एक आकडा निघायचा. पुस्तकात एक रेघ ठरलेली होती. आकडा रेघेच्या वर गेला तर पोर शाळेत, खाली गेला तर मंद.

आणि नियम फार कडक. पोराला मदत करायची नाही. मान हलवायची नाही. "शाब्बास" म्हणायचं नाही. "चुकलं" म्हणायचं नाही. तोंड कसं ठेवायचं हे मला बाईंनी आरशापुढे बसवून शिकवलं होतं. माझी सासू म्हणायची, "हिला नोकरी लागल्यापासून घरीसुद्धा तेच तोंड करून बसते. आमटी बरी झाली की वाईट, कळतच नाही."

एकदा काय झालं, अक्कलकोटच्या एका कानडी पोराला दाराचं चित्र दाखवलं. दाराला कडी नव्हती, ते ओळखायचं. पोरानं नीट बघितलं आणि म्हणालं, "बागिलिगे होस्तिल इल्ला." दाराला उंबरा नाही! खरंच नव्हता की. ज्यानं चित्र काढलं त्याच्या गावात दाराला उंबरा नसणारच. मी बाईंकडे बघितलं, बाईंनी पुस्तकाकडे बघितलं. पुस्तकात उत्तर होतं 'कडी'. गुण गेला.

दुसरा एक सांगोल्याकडचा धनगराचा. आजोबा घोंगडी खांद्यावर टाकून बाहेर बसलेले. मी पोराला विचारलं, "रानात वाट चुकलास तर काय करशील?" पुस्तकाप्रमाणे त्यानं कुणा मोठ्या माणसाला विचारलं पाहिजे. पोरगं माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणालं, "वाट कशी चुकंल? मेंढरं म्होरं असत्यात की."

मी म्हटलं, "समज, मेंढरंपण नाहीत."

"मेंढरं न्हाईत तर रानात कशाला जाऊ?"

बाहेरून आजोबा ओरडले, "बराबर हाय की त्याचं! बाई, तुमी कुटं जाता हो मेंढरांबिगर?"

आणि दुधनीच्या त्या व्यापाऱ्याला तर मी जन्मात विसरणार नाही. पांढरं धोतर, कपाळाला विभूती, हातात मोसंब्यांची पिशवी. म्हणाले, "री अक्का, आमच्या पोराला एक मुलगी बघितलीया. तिची बुद्धी तेवढी मोजून द्या."

बाई म्हणाल्या, "मुलीत काही कमी आहे का?"

"कमी न्हाई हो, जास्ती असंल म्हणून भ्या वाटतंय. आमचा पोरगा लई साधा हाय. त्याच्या मापाची पायजे. वर भरली तर घरात राज्य करंल."

"मग आधी मुलाला आणा," बाई म्हणाल्या. "त्याचं माप कळल्याशिवाय तिचं कसं बघणार?"

गृहस्थ विचारात पडले. मोसंबी ठेवून गेले, परत आले नाहीत. लग्न मात्र झालं, आणि मुलगी वर भरली असं पुढे दुधनीच्या बाजारात ऐकलं. दुकान छान चालवते म्हणे.

अशी हसतखेळत नोकरी चालली होती. मग राजमणी आली.

राजमणी पूर्व भागातल्या एका मराठी शाळेत पहिलीत होती. वर्ष दुसरं, वर्ग तोच. सहासात वर्षांची असेल. तेल लावून चापून बसवलेले केस, अंगाला तंबाखूचा वास आणि अंगठ्याचं नख पिवळं. त्या भागात पुरुष मागावर आणि बाया विड्यांवर, हे सोलापूरकरांना सांगायला नको. हिची आई नरसूबाई घरी विड्या वळायची आणि ही शाळेतून आली की आईशेजारी बसायची.

शाळेचे हेडमास्तर माणूस वाईट नव्हते. तपकीर ओढायचे, घाईत असायचे. त्यांच्या पहिलीच्या वर्गात इतकी पोरं होती की गुरुजींना हजेरी घेता घेता मधली सुट्टी व्हायची. त्यांनी येऊन सांगितलं, "बाई, ही मुलगी पाटीवर एक अक्षर लिहीत नाही. पाटी घेते, छान रेघा आखते आणि शेजारणीकडे सरकवून हाताची घडी घालून बसते. दीड वर्ष झालं. मारून बघितलं, समजावून बघितलं. तुम्ही आकडा सांगा. रेघेच्या खाली असली तर दिवाळीच्या सुट्टीनंतर मी नाव काढतो. बाहेर दुसरी मुलं जागेसाठी उभी आहेत."

नाव काढून ती जाणार कुठं? तसल्या मुलांची वेगळी शाळा आमच्याकडे तेव्हा नव्हती. नाव काढलं म्हणजे कायमचं विड्यांचं सूप मांडीवर. आणि नरसूबाईला तर तेच नको होतं. मला तिनं पहिल्याच दिवशी बजावलं. ती तेलुगूत बोलायची, मी इथं मराठीत देते. "अक्का, माझ्या घरात कुणाला वाचता येत नाही. मागं मी अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला निघाले. लोक चढले तशी मीही एस्टीत चढले, आणि उतरले कुठं, तर बार्शीला! बार्शीत माझं कोण आहे? दिवसभर स्टँडवर बसून रडले. एका पोरीला तरी गाडीची पाटी वाचता येऊ दे. मग तुमची बुद्धी कमी भरू दे की जास्ती."

मी राजमणीला आत घेतलं. ठोकळे पुढ्यात ठेवले, पुठ्ठा दाखवला, तेलुगूत नीट सांगितलं की हे असं जुळवायचं. बाईंनी घड्याळ दाबलं. पोरीनं पुठ्ठ्याकडे टक लावून बघितलं. मग भराभरा हात चालवले. काय बोटं होती! एकेक ठोकळा फिरवून लाल बाजू वर केलेले एका रांगेत, पांढरे दुसऱ्या रांगेत, तिरपे तिसऱ्या. रांगा अशा सरळ की दोरी धरून लावल्यासारख्या. मग सगळं अलगद माझ्याकडे सरकवलं, म्हणाली, "इदिगो." म्हणजे 'हे घ्या'. आणि हाताची घडी.

मी आरशातलं तोंड करून बसले. घड्याळ पळत राहिलं. पोरगी माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. वेळ संपली. दुसरा पुठ्ठा काढला, परत तेच. तिसरा, परत तेच. "इदिगो," आणि घडी. प्रश्नांनाही एकेका शब्दात उत्तरं. आकडा काढला तो रेघेच्या बराच खाली.

मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर नवल वाटलं नाही. असतात काही पोरं कमी. बाई मात्र पेन्सिल चावत बसल्या होत्या. म्हणाल्या, "गंगाक्का, एक गंमत बघितलीत? दुसऱ्या नक्षीला जेवढे तिरपे ठोकळे लागतात तेवढेच तिनं तिरपी बाजू वर करून लावले होते. एक कमी नाही, एक जास्त नाही. नक्षी कळल्याशिवाय हे कसं होईल?" मग म्हणाल्या, "उद्या आईला आत बोलवा. घरचं काही विचारू."

दुसऱ्या दिवशी नरसूबाई आत आली. खुर्ची दिली तर खाली बसली. रिकाम्या हातानं बसायची सवय नाही, त्यामुळे पदराचं टोक वळत होती विडीसारखं. बाईंनी मला आधी ठोकळे परत द्यायला सांगितले. पुन्हा तेच. राजमणीनं रांगा लावल्या, सरकवल्या, "इदिगो", घडी. मी गप्प. बाई गप्प. घड्याळ टिकटिक करतंय.

नरसूबाईनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बाईंकडे. मग तिचा बांध फुटला. "अगं बायांनो, पोरीनं सगळं लावून दिलं की! तुम्ही दोघी हातावर हात धरून काय बसलाय? पुढचं कोण करणार?"

बाईंना तेलुगू कळत नव्हतं, पण सूर कळला. "काय म्हणतायत त्या?"

मी म्हटलं, "म्हणतायत की… बसून राहिलेत."

"कोण बसून राहिलंय?"

"आपण. आपण दोघी."

"विचारा तरी, आपण काय करायचं होतं?"

नरसूबाईनं कपाळाला हात लावला. एवढं शिकलेल्या बायकांना हेही सांगावं लागतं! "घरात ही पानं कापून, निवडून माझ्याकडे सरकवते. मी तंबाखू भरून वळते, दोरा बांधते आणि परत हिच्याकडे देते. ही नखानं तोंडं मुडपते. मधलं काम मोठ्या माणसाचं. मधल्याला हिनं हात लावला की मी फटका देते. पान फाटलं तर फुकट जातं. ही शहाणी आहे, हात लावत नाही. तुम्हीच आळशी!"

मी हे मराठीत सांगत गेले तशा बाई आधी ताठ झाल्या, मग त्यांचे खांदे हलायला लागले. एवढ्या हसल्या की घड्याळ गळ्यातून काढून टेबलावर ठेवावं लागलं. आणि मला, गल्लीत चोवीस तास विड्या वळताना बघणाऱ्या बाईला, हे दिसलं नव्हतं. रोज डोळ्यांपुढे असलेली वस्तू कुणी दाखवल्याशिवाय दिसत नाही, त्यातली गत.

बाई म्हणाल्या, "तिला सांगा, आज मधलं कामसुद्धा तिचंच."

मी सांगितलं. राजमणी म्हणाली, "मग तुम्ही काय करणार?"

"आम्ही बघणार."

पोरीनं आईकडे बघितलं. नरसूबाई म्हणाली, "कर. आज मी मारणार नाही. बघायचा पगार मिळतो त्यांना."

केलं तिनं. पण कसं! एकेक ठोकळा दोन बोटांत असा धरत होती, जणू जोरात धरला तर फाटेल. नक्षी बरोबर आली, पण वेळ केव्हाच संपली होती. वेळेनंतरच्या कामाला पुस्तकात गुण नाही. पुन्हा आकडा काढला. रेघेच्या खालीच.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

बाई म्हणाल्या, "पुस्तक लिहिणाऱ्यानं एकेकटी बसून खेळणारी मुलं बघितली होती, अक्का. ही एकटी कधी बसलीच नाही." मग म्हणाल्या, "पण आकडा तर असाच येतोय. मी तो वाढवून लिहिणार नाही."

परवा हेडमास्तर येणार होते. शाळेला सुट्टी लागायची होती.

त्या संध्याकाळी आमच्या घरी करंज्यांचा घाट होता. मी पाऱ्या लाटत होते, जाऊबाई सारण भरून मिटत होत्या आणि सासूबाई शेवटी कातण फिरवत होत्या. आमच्याकडे कातण सासूबाईंच्याच हाती. का, तर करंजी नीट मिटली नसेल तर त्यांना बोटाला कळतं. अशी करंजी त्या परत जाऊबाईंकडे सरकवत, वर टोमणा. "ही तेलात तोंड उघडेल. तुझ्यासारखी." जाऊबाई माझ्याकडे बघून डोळे फिरवत, मी लाटण्यात तोंड घालून हसायची.

लाटता लाटता मनात आलं, की मला कुणी एकटीला बसवून, घड्याळ लावून, एक करंजी पहिल्यापासून शेवटपर्यंत कर म्हटलं तर माझंही तसंच व्हायचं. पारी लाटून मी जाऊबाईंकडेच सरकवणार. आणि मग दुसरं मनात आलं. शेवटचा हात कातणाचा, म्हणजे तपासणारा. मग विडीचं तोंड मुडपणारा हातही तपासणाराच असणार! कारखान्यात वाईट विड्यांची छाट होते, त्या बाजूला काढून पैसे कापतात, हे मला शेजारणींच्या भांडणांतून पाठ होतं. छाट व्हायच्या आधी घरी कोण बघतं? शेवटी जिच्या हातातून जाते ती.

सकाळी जाऊन बाईंना हे सांगितलं. त्यांनी ठोकळ्यांची पेटीच माझ्यापुढे ठेवली. "हेडमास्तरांपुढेच बघू. तिनं निवडून द्यायचं, मधलं तुम्ही करायचं. आणि मुद्दाम चुकायचं."

"मुद्दाम?"

"एखादा ठोकळा उलटा लावा. आणि तोंड—"

"आरशातलं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर आले ते घड्याळाकडे बघतच. "बाई, आकडा तेवढा द्या, मला मुलांच्या पोशाखाच्या कापडाचं बघायला जायचंय." बाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "आकडा तयार आहे. आधी एवढं बघा." नरसूबाई कोपऱ्यात खालीच. राजमणी माझ्यासमोर.

तिनं रांगा लावल्या. "इदिगो." या खेपेला मी ठोकळे घेतले, तशी पोरीचा चेहरा खुलला. शेवटी ही बाई कामाला लागली एकदाची! मी नक्षी जुळवली, एका कोपऱ्यात तिरपा ठोकळा उलट्या अंगानं बसवला आणि तिच्याकडे सरकवली. "इदिगो."

तिनं पुठ्ठ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बोट गेलं ते थेट त्या कोपऱ्यावर. ठोकळा उचलला, फिरवला, बसवला, चारी बाजूंनी हातानं दाबून सारखं केलं.

हेडमास्तरांनी तपकिरीची डबी उघडली होती, ती तशीच हातात राहिली.

मी दुसरी केली, मध्यभागी चुकले. तिनं काढलं. तिसरीत दोन ठिकाणी चुकले, दोन्ही काढली. मोठ्या पोरांची अवघड नक्षी घेतली, तिथंही तेच. नरसूबाई मागून म्हणाली, "किती चुकतेय ही अक्का! हिला घरी विड्यांना बसवलं तर माझं दिवाळं निघेल."

मग शेवटचा सगळ्यात अवघड पुठ्ठा. म्हटलं, आता एक नीट करून बघू, बिनचूक कामातही उगाच बोट घालते का. मन लावून केली. सरकवली. पोरगी बघत राहिली. मग हळूच एक ठोकळा काढला.

"नाही गं," मी म्हणाले. नियम विसरून बोलले. "ते बरोबर आहे."

तिनं मान हलवली. "नाही."

"अगं मी रोज करते हे!"

"नाही," राजमणी म्हणाली आणि ठोकळा फिरवून बसवला.

बाईंनी पुठ्ठा उचलून शेजारी धरला. हेडमास्तर खुर्चीतून उठून वाकले. पोरीचं बरोबर होतं. मी खरंचच चुकले होते.

मग हेडमास्तर मला म्हणाले, "सरका जरा. मी बसतो." कोट काढून ठेवला आणि जुळवायला लागले. घामाघूम झाले बिचारे. पुठ्ठ्याकडे बघत, ठोकळे फिरवत, स्वतःशीच पुटपुटत. शेवटी तिच्यापुढे सरकवलं आणि पहिलीतल्या पोरासारखे तिच्या तोंडाकडे बघत राहिले. राजमणीनं वरून बघितलं, मान तिरपी करून बघितलं. काही काढलं नाही. चारी बाजू दाबल्या आणि सगळं उचलून मोठ्या बाईंकडे सरकवलं. "इदिगो."

"म्हणजे काय?" हेडमास्तरांनी मला विचारलं.

"म्हणजे पास झालात. माल पुढं गेला."

हेडमास्तर हसले ते अगदी मनापासून. मग डोळे पुसत म्हणाले, "बाई, आता आकडा?"

"आकडा रेघेच्या खालीच आहे," बाई म्हणाल्या. "पुस्तकाप्रमाणे निघतो तो तसाच देते. आत्ता जे बघितलंत त्याला गुण लिहायला पुस्तकात जागा नाही. तेही लिहून सही करते."

"मग मी नाव काढू की ठेवू?"

बाई म्हणाल्या, "ते आता तुम्हीच बघितलंत."

हेडमास्तरांनी एक ठोकळा हातात घेऊन फिरवला. मग एकदम म्हणाले, "अक्का, हिला विचारा, पाटीवर रेघा आखून शेजारणीकडे का सरकवते?"

मी विचारायच्या आधीच नरसूबाई बोलली, मराठीत बोलली, तिच्या मराठीत. "मग काय करील? एकीनं आखायचं, एकीनं लिहायचं. सगळ्या पोरी सगळंच कराया लागल्या तर काम कवा व्हणार, मास्तर?"

हेडमास्तरांनी कोट घातला. दाराशी जाऊन थांबले. "सुट्टीनंतर पाठवा तिला. रेघा शेजारीण आखेल, लिहायचं हिनं. आणि मग शेजारणीचं हिनं तपासायचं. बघतो मी गुरुजींना सांगून." आणि गेले कापडाचं बघायला.

आमचं केंद्र पुढे काही वर्षं चाललं, मग बंद पडलं. मोठ्या बाई परत पुण्याला गेल्या. जाताना ठोकळ्यांची पेटी त्यांनी मला दिली, ती अजून माझ्या फडताळात आहे, नातवंडं तिचे बंगले करतात. राजमणी आली त्या दिवसापासून मात्र आम्ही एक रीत ठेवली. पोर आणलं की आधी त्याच्या घरी जाऊन बसायचं, चहा प्यायचा, कोण काय काम करतं ते बघायचं, आणि मगच पेटी उघडायची. पुस्तकात असं कुठं लिहिलेलं नाही. तिच्या आधी माझ्यापुढे बसून गेलेल्या पोरांतलं कोण कशाची वाट बघत बसलं होतं, हे मनात येतं कधीकधी. उंबरा शोधणाऱ्या त्या पोराला तर मी आजही पुरा गुण देईन.

राजमणी त्या वर्षी पहिली पास झाली. तिसरीत असताना एका गुरुवारी नरसूबाई माझ्या दारात येऊन गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली. "अक्का! अक्कलकोटला जाऊन आलो! हिनं पाटी वाचली, हिनं गाडी धरली! मी चढत होते ती बार्शीचीच होती गं!" आणि प्रसादाचा पुडा माझ्या हातावर ठेवला. राजमणी मागं उभी राहून, आईचा पदर सुटला होता तो सारखा करत होती.

पुढे ती सातवीपर्यंत शिकली. लग्न इथंच झालं. आता टॉवेलच्या एका कारखान्यात तपासणीला असते, आणि दर दिवाळीला सुट्टी काढून माझ्याकडे करंज्यांना येते. सासूबाई गेल्या, जाऊबाईंचे गुडघे गेले. आता पाऱ्या सून लाटते, मधलं मी करते, आणि कातण राजमणी घेते. तिला कुणी दिलं नाही. पहिल्या वर्षी आली आणि आपण होऊन उचललं.

गेल्या दिवाळीला मी एक करंजी मिटून तिच्याकडे सरकवली. तिनं कडेवरून बोट फिरवलं आणि परत माझ्याकडे ढकलली. "अक्का, ही तेलात फुटेल."

"काही फुटत नाही," मी म्हटलं. "साठ वर्षं करंज्या करतेय मी."

"फुटेल."

"तू कातण फिरव गुमान."

तिनं कातण फिरवलं. मी हट्टानं ती करंजी सगळ्यांत आधी तेलात सोडली. राजमणीनं झारा घेतला आणि तेलात सांडलेलं सारण काढायला कढईशी येऊन उभी राहिली.